रॉक ऐकायला प्लेनर घेताय?

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो तो ॲम्पच्या दहा-बारा इंची स्पीकरमधून. त्या पेटीत ट्विटर, म्हणजे उंच सुरांसाठीचा छोटा स्पीकर, नसतोच आणि साधारण 5,000 हर्ट्झच्या वर हा स्पीकर झपाट्यानं गळतो. खालच्या बाजूला गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की 82 हर्ट्झ, बेस गिटारची 41 हर्ट्झ. म्हणजे रिफ, गायकाचा घसा, स्नेअरचा फटका, असं रॉकमध्ये जे जे घडतं त्यातलं बहुतेक 80 ते 5,000 हर्ट्झच्या पट्ट्यात घडतं. वर उरतात सिंबल आणि हाय-हॅट. आता हेडफोनचं माहितीपत्रक उघडा. हायफायमनच्या 'सुंदारा' या प्लेनर हेडफोनसाठी कंपनी 6 ते 75,000 हर्ट्झ असा आकडा देते. माणसाचा कान ऐन तारुण्यातही 20,000च्या पुढे जात नाही.

रॉकसाठी प्लेनर निवडताना ही दोन टोकं कंपनीकडेच राहू द्यावीत आणि मधल्या पट्ट्याची कसून चौकशी करावी, असं माझं मत आहे. प्लेनर घेतला म्हणजे रॉक आपोआप चांगला वाजेल, हे गृहीत धरूनच बरेच जण पैसे मोजतात. प्रत्यक्षात दोन प्लेनरमधला फरक कधीकधी प्लेनर आणि साध्या हेडफोनमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

आधी आत काय असतं ते पाहू. साध्या, म्हणजे डायनॅमिक हेडफोनमध्ये एक छोटा स्पीकरच बसवलेला असतो. पातळ पडदा, त्याच्या मागे चिकटवलेली तारेची गुंडाळी आणि भोवती चुंबक. धक्का बसतो तो गुंडाळीच्या जागी, बाकीचा पडदा तिच्यामागोमाग ओढला जातो. प्लेनरमध्ये ही गुंडाळी नाही. अतिशय पातळ फिल्मवर धातूचे सपाट, नागमोडी पट्टे चढवलेले असतात आणि ती फिल्म चुंबकांच्या ओळींसमोर ताणून बसवलेली असते. पट्ट्यांमधून विद्युतप्रवाह गेला की जवळजवळ अख्खी फिल्म एकदम हलते. त्यामुळे आवाजाची विकृती कमी राहते, विशेषतः खालच्या सुरांत. याची किंमत मोजावी लागते ती वजनात आणि बऱ्याच मॉडेलांच्या बाबतीत हेडफोन ॲम्पच्या ताकदीत.

हे तंत्र नवं नाही. यामाहानं 1976 साली एचपी-1 हा हेडफोन आणला, त्याचं रूप इटालियन डिझायनर मारिओ बेलिनीनं घडवलं होतं. त्याच काळात फॉस्टेक्सही यात उतरली. पुढे बाकीच्यांनी यातून अंग काढून घेतलं, तरी फॉस्टेक्सचा टी50आरपी स्टुडिओंमध्ये टिकून राहिला. हौशी मंडळी तो उघडून आत माती-कापूस भरून त्याचा आवाज सुधारत बसायची. आजची डॅन क्लार्क ऑडिओ ही कंपनी याच उद्योगातून उभी राहिली. 2009च्या आसपास हायफायमन आणि ऑडिझी यांनी प्लेनरला पुन्हा बाजारात आणलं. ऑडिझी 2023 पासून सोनीच्या प्लेस्टेशनवाल्या कंपनीच्या मालकीची आहे.

जाता जाता रॉकवाल्यांसाठी एक गंमत. लेड झेपलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (1971) मधले ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात ठेवून वाजवले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं वरून बेयरडायनॅमिक एम160 हे दोन माइक सोडले होते. ते रिबन माइक. चुंबकांमध्ये धातूची पातळ पट्टी, आवाजानं ती हलते आणि वीज तयार होते. प्लेनरमध्ये नेमकं उलटं घडतं. म्हणून काही झेपलिनचा ड्रमर बॉनहॅम याचे ड्रम प्लेनरवर आपोआप जास्त खरे वाजत नाहीत, पण नातं जवळचं आहे खरं.

प्लेनरबद्दल रॉक ऐकणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार असते: बेस खोल जातो, पण दणका नाही. तक्रार खोटी नाही, तिचं कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचं सांगितलं जातं. सेनहायझरचा एचडी 650 घ्या. हा उघड्या पाठीचा डायनॅमिक हेडफोन वर्षानुवर्षं रॉकवाल्यांच्या पसंतीचा आहे. कुठल्या हर्ट्झला तो किती आवाज देतो, याचा आलेख पाहिला तर 100 हर्ट्झच्या आगेमागे एक उंचवटा दिसतो आणि त्याखाली रेषा उतरत जाते. किक ड्रमची धडक, बेस गिटारचा भरीवपणा हे सगळं या उंचवट्याच्या आसपासच असतं. चांगल्या प्लेनरची रेषा इथे सपाट असते आणि तशीच 30 हर्ट्झपर्यंत खाली जाते. म्हणजे प्लेनर खोलवर जास्त देतो, पण कानाला सवय झालेला तो फुगवटा देत नाही. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा सूर 41 हर्ट्झ. त्याच्याही खाली जुन्या रॉकमध्ये फारसं काही नसतंच, त्यामुळे प्लेनरची ती खोली पुष्कळदा पडून राहते. पाच तारांचा बेस किंवा गिटार खाली उतरवून वाजवणारी मेटल मंडळी ऐकत असाल, तर मात्र ती वसूल होते.

बेसची आणखी एक अट आहे. इअरपॅड कानाभोवती नीट बसायला हवा. चष्म्याच्या काडीमुळे पॅडला बारीकशी फट राहिली तरी अनेक प्लेनरांचा खालचा बेस लक्षात येण्याइतका गळतो. त्यामुळे चष्मा वापरत असाल तर चष्म्यासकटच ऐकून बघा. चालू गाण्यात पॅड हातानं हलकेच दाबा. बेस एकदम वाढला तर कुठेतरी फट आहे.

आता मुख्य मुद्दा, मधला पट्टा. कानाची पाळी आणि कानाची नळी यांच्या रचनेमुळे 3,000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज नैसर्गिकरीत्या वाढून पडद्यावर पोचतात. हेडफोनला ही वाढ स्वतः भरून द्यावी लागते. कोण किती देतो, यावर त्याचा स्वभाव ठरतो. हायफायमनच्या उघड्या पाठीच्या बऱ्याच मॉडेलांत 1,000 ते 2,000 हर्ट्झच्या दरम्यान एक खळगा असतो. त्यामुळे आवाज जरा लांबून, ऐसपैस आल्यासारखा वाटतो. पिंक फ्लॉइड किंवा पॉर्क्युपाइन ट्री ऐकताना हा खळगा सुखावतो. पण एसी/डीसीच्या दोन्ही गिटारी कानाशी हव्या असताना त्या दोन पावलं मागे सरकल्या की मजा जाते. ऑडिझीच्या एलसीडी मालिकेचं घराणं वेगळं. तिथे खालचा भाग भरदार आणि 3,000-4,000च्या आसपास हात आखडता. ऱ्हिदम गिटार जाड, ऊबदार लागते, पण स्नेअरचा तडाखा आणि गायकाची धार थोडी बोथट होते. मला स्वतःला हार्ड रॉक आणि मेटलसाठी ऑडिझीचा स्वभाव जवळचा वाटतो. प्रोग्रेसिव्ह ऐकायला बसलो की हायफायमनकडे हात जातो. तुमचा कल उलटा असू शकेल. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, पण पैसे मोजण्याआधी आपला कल आपल्याला माहीत हवा.

मोजमापाचे आलेख आता बहुतेक मॉडेलांचे मिळतात. ते पाहताना रॉकवाल्यानं तीन जागी बोट ठेवावं. 100 हर्ट्झच्या खाली रेषा वर आहे का, 1,000-2,000 मध्ये खड्डा किती खोल आहे आणि 6,000 ते 9,000च्या दरम्यान सुळका आहे का. तिसरी जागा रॉकसाठी सर्वांत घातक.

याचं कारण हेडफोनमध्ये कमी आणि ध्वनिमुद्रणात जास्त आहे. नव्वदीच्या मध्यापासून रॉकचे अल्बम अधिकाधिक चढ्या आवाजात दाबून-ठासून बनू लागले. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' (2008) हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. तो इतका ठासला होता की 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची आवृत्ती चाहत्यांना जास्त मोकळी वाटली. अशा मुद्रणात सिंबलचा चुरा होऊन तो सतत सळसळत असतो. त्यावर हेडफोननं 8,000 हर्ट्झला सुळका काढला तर तीन गाण्यांत कान किटतात. दुकानात दोन मिनिटं ऐकताना हाच सुळका 'काय तपशील आहे!' असा वाटतो. म्हणून पहिल्या दोन मिनिटांवर भरवसा ठेवू नका, सलग एक अख्खा अल्बम ऐका.

ऐकायला काय न्यावं? गुळगुळीत ध्वनिमुद्रणं नेऊ नका, त्यांवर सगळंच चांगलं वाजतं. एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' (1980) न्या. त्यात दोन यंग बंधूंच्या गिटारी दोन कानांत वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. दोन्हींचा पोत वेगळा कळतो का, आणि सुरुवातीच्या हाय-हॅटच्या टिचक्या पत्र्यासारख्या तर लागत नाहीत ना, ते पाहा. रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम (1992) बेस गिटार आणि किक ड्रम वेगळे काढता येतात का, हे तपासायला उत्तम. रशचा 'व्हेपर ट्रेल्स' 2002 साली आला तेव्हा इतका ठासलेला होता की 2013 मध्ये तो अख्खा नव्यानं मिक्स करून पुन्हा काढावा लागला. दोन्ही आवृत्त्यांतलं एकच गाणं लागोपाठ ऐका. जुनी आवृत्ती जिथे थोडी तरी सुसह्य होते आणि नवी जिथे खुलते, तो हेडफोन रॉकच्या कामाचा. मेटॅलिकाचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' (1988) मात्र बेस तपासायला वापरू नका. त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस मिक्स करतानाच जवळजवळ पुसून टाकला आहे. लाखाचा हेडफोन लावला तरी तो परत येणार नाही. मुंबईच्या 'भयानक मौत'सारखा एखादा दाट मेटल बँडही यादीत असू द्या. डबल-किकचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात की नुसती घरघर होते, हे तिथे लगेच कळतं. प्लेनरची खरी कमाई इथेच दिसते, अशा गर्दीत चांगला प्लेनर फार क्वचित गडबडतो.

आता ॲम्पकडे वळू, कारण दुकानदार हेडफोनच्या जोडीला ॲम्प गळ्यात मारायला उत्सुक असतो. काही वेळा त्याचं बरोबरही असतं, म्हणून हिशेब आपणच करावा. हायफायमन एचई400एसई 25 ओहमचा आहे आणि 1 मिलिवॉटला 91 डेसिबल देतो. क्षणिक टोकांसाठी 110 डेसिबल हवेत असं धरलं तर 19 डेसिबलची भर लागते, म्हणजे सुमारे 80 मिलिवॉट, सुमारे 1.4 व्होल्ट. फोनला लावायच्या साध्या डाँगलमधून 1 व्होल्ट मिळाला तर 107 डेसिबलपर्यंत पोचता येतं. 2 व्होल्टचा डाँगल असेल तर प्रश्नच मिटला. ऑडिझी एलसीडी-एक्सचा आकडा 103 डेसिबल आहे, त्याला 5 मिलिवॉट पुरतात. याउलट हायफायमनच्या सुस्वाराला 83 डेसिबलमुळे तेवढ्याच आवाजासाठी अर्धा वॉट लागतो. तिथे दणकट ॲम्पला पर्याय नाही.

एक चकवा सांभाळा. काही कंपन्या डेसिबल मिलिवॉटमागे देतात, काही व्होल्टमागे. मूनड्रॉपच्या 'पॅरा'चा आकडा 101 डेसिबल आहे, पण तो एका व्होल्टमागे, आणि हेडफोन 8 ओहमचा. 8 ओहममध्ये 1 व्होल्ट म्हणजे 125 मिलिवॉट. तो हिशेब केला की 1 मिलिवॉटला जेमतेम 80 डेसिबल उरतात. वरवर 91पेक्षा सरस दिसणारा हा हेडफोन प्रत्यक्षात कितीतरी जास्त करंट खातो.

तरीही रॉकवाल्यानं ॲम्पची फार धास्ती घेऊ नये. ठासून बनवलेल्या अल्बमात सरासरी आवाज आणि टोकं यांत अंतरच थोडं असतं. टोकांसाठी मोठी राखीव ताकद लागते ती ऑर्केस्ट्रा ऐकणाऱ्याला. शिवाय प्लेनरचा ओहमचा आकडा सगळ्या सुरांना जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे ॲम्प बदलला म्हणून त्याच्या आवाजाचा तोल सहसा बिघडत नाही. ट्रान्सफॉर्मर नसलेले ट्यूब ॲम्प तेवढे टाळा, इतक्या कमी ओहमशी त्यांचं जमत नाही. केबलवर तर जादा पैसे घालूच नका.

वाचलेला पैसा आणि वेळ इक्वलायझरवर घाला. तो फुकट आहे आणि प्लेनरला त्याची भर जितकी पचते तितकी फार थोड्या हेडफोनांना पचते. विकृती मुळातच कमी असल्यामुळे बेस 5 डेसिबलनं वाढवला तरी तो फाटत नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट. 105 हर्ट्झच्या खाली 4-5 डेसिबलची शेल्फ, म्हणजे खालच्या सगळ्या सुरांना सरसकट वाढ, चढवा आणि तेवढाच एकूण आवाज आधी खाली घ्या, नाहीतर टोकं कापली जाऊन आवाज फाटेल. 'दणका नाही' ही तक्रार इथेच बरीचशी मिटते. ऑडिझी बोथट वाटला तर 3,500च्या आसपास 3 डेसिबल वाढवा. हायफायमन टोचत असेल तर सुळक्याच्या जागी 3-4 डेसिबल काढा. ऑटोईक्यू या मोफत प्रकल्पात शेकडो हेडफोनांची तयार सेटिंग मिळतात. सुरुवात तिथून करावी, शेवट आपल्या कानानं. इक्वलायझर म्हणजे मूळ आवाजाशी बेइमानी, असं मानणारा एक सोवळा वर्ग आहे. रॉकचं मूळच फाटलेल्या ॲम्पमध्ये असताना या सोवळ्याचं मला हसू येतं.

राहता राहिला डोक्याचा आणि घराचा प्रश्न. एलसीडी-एक्सचं वजन 612 ग्रॅम, सुंदाराचं 372. अर्ध्या तासानंतर हा फरक मानेला कळतो. डोकं हलवत ऐकायची सवय असेल तर जड हेडफोनचा नाद सोडा. उघड्या पाठीचे प्लेनर बाहेरही तेवढेच वाजतात. दोन खोल्यांच्या घरात रात्री मेटल लावलं तर ते शेजारच्या पलंगापर्यंत पोचणार आणि दिवसा रस्त्यावरचे हॉर्न तुमच्या कानात येणार. तसं घर असेल तर बंद पाठीचे पाहा. ऑडिझीचा एलसीडी-एक्ससी, डॅन क्लार्कचा घडी होणारा बंद पाठीचा एऑन, किंवा गेमवाल्यांसाठी काढलेला बिनतारी मॅक्सवेल. मॅक्सवेल 490 ग्रॅमचा आणि दिसायला ओबडधोबड आहे, पण रॉक वाजवतो झकास. लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकायचं असेल तर यातला एकही नको. लेटशुअर एस12 किंवा 7हर्ट्झ टाइमलेससारखे कानात घालायचे प्लेनर घ्या. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी पॅडचा विचार आधीच करावा. दमट हवेत नकली चामड्याचे पॅड लवकर सुटतात, त्यामुळे मूळ कंपनीचे बदली पॅड इथे मिळतात का ते विचारून घ्या. भलतेच पॅड लावले तर आवाजाचा तोल बदलतो.

पहिल्यांदाच प्लेनर घेणाऱ्याला मी एचई400एसईच सुचवतो. 2021 मध्ये तो 149 डॉलरला आला होता, आणि इक्वलायझर लावल्यावर त्याच्या किमतीत रॉकसाठी त्याहून फार काही लागत नाही. थोडी ऐपत जास्त असेल तर सुंदारा. त्याचा मधला पट्टा अधिक स्वच्छ आहे, वरचा मात्र जरा लख्ख आहे, एकदा ऐकूनच घ्या. हार्ड रॉक हेच मुख्य खाद्य असेल तर त्याच पैशात नवं काही घेण्याऐवजी वापरलेला ऑडिझी एलसीडी-2 शोधा, फक्त त्याची फिल्म कधी बदलली आहे का आणि दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे नीट पाहा. त्यापुढच्या किमतींत रॉकला मिळणारी वाढ झपाट्यानं आटत जाते. परदेशातून स्वस्त दिसला म्हणून मागवताना सीमाशुल्क आणि बिघडल्यावर परत पाठवायचा खर्च दोन्ही धरा. बहुतेक वेळा इथल्या वॉरंटीसह घेतलेलाच परवडतो.

घरी आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा. फोनच्या सेटिंगमध्ये आवाज मोनो करून एखाद्या एकट्या गायकाचं गाणं लावा. आवाज बरोबर मधोमध यायला हवा, एका बाजूला झुकला तर दोन बाजूंचे ड्रायव्हर, म्हणजे आतले आवाज काढणारे भाग, जुळलेले नाहीत, बदलून घ्या. मग 20 हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारा टोन हलक्या आवाजात लावा आणि खरखर ऐकू येते का पाहा. डोक्यावर चढवताना फिल्मचा हलकासा चुरचुर आवाज काही मॉडेलांत येतो, तो दोष नव्हे. पण कप तळहातानं दाबून आपटू नका, त्या दाबानं फिल्म खरोखर सुरकुतते. टेबलावर ठेवताना आजूबाजूला टाचण्या, लोखंडी कीस नको, चुंबक जोरदार असतात आणि जाळीतून आत गेलेला कण बाहेर काढणं जिकिरीचं.

आवाजाची पट्टीही पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका. साध्या हेडफोनचा आवाज फार चढवला की तो फाटू लागतो आणि आपण आपसूक कमी करतो. प्लेनर फाटत नाही, म्हणून कधी 95 डेसिबलवर पोचलो ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास ही मर्यादा आहे, आणि दर 3 डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. हेडफोन डोक्यावर असताना समोरच्याला हाक मारावीशी वाटली आणि स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही, तर लगेच पट्टी खाली आणा.